कानस

लढाईचे दिवस होते. तोफगाड्यांच्या कारखान्यात ओतकाम करणाऱ्या शांतवननं रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, "दारू सुटली! प्रभूनं सोडवलं, पापातून मोकळा झालो!" बायांनी डोळे पुसले. घरी आल्यावर चहात साखर कमी पडली म्हणून त्यानं पोरीच्या कानाखाली वाजवली. त्याची बायको एस्तेर रागानं पेटून उठली. इतकी वर्षं त्याच्या मारझोडीचा दोष तिनं दारूच्या माथी मारला होता. आता कोणाच्या माथी मारायचा? तिनं त्याच्या कामाच्या पिशवीतली कानस काढून टेबलावर आपटली. "अहो, साच्यातून सुटलेला तुकडा तुम्ही तसाच तोफगाडीला लावता का जी?" "तसा कसा लावणार? खरखरीत असतो," तो सवयीनं बोलून गेला. "आधी कानस मारावी लागते. एका दिवसाचं काम नाही ते." "मंग ती स्वतःवर मारा नं!" एस्तेर कडाडली. "लेकराला काहून मारून राहिले?"