हिरवं लुगडं

"हात लावू नको! मी काय बाजारातली म्हैस हाय मापायला?" गोजरबाईनं नर्सबाईची टेप झटकली.

साखरा गावच्या शाळेत आरोग्य तपासणी चालू होती. सकाळीच तिचं जाडंभरडं हिरवं लुगडं दोरीवरून नाहीसं झालेलं, त्यात धाकटी जाऊ पद्माबाई नेहमीसारखी मागं लागलेली, "जाऊबाई, तपासून घ्या की. रातून-दिस पाणी पिऊन राहिल्या."

"माझं पाणीबी मोजती का गं?"

"बाईची कंबर ऐंशी सेंटीमीटरच्या वर गेली की हृदयाला अन् शुगरला धोका असतो, आजी," नर्सबाई म्हणाली.

"मग हिला माप."

पद्माबाई निमूट पुढं झाली. चारचौघांसमोर लुगड्यावरूनच टेप फिरली. शंभर.

"कधी सुटली गं एवढी?" गोजरबाईला गुदगुल्या झाल्या.

घरी आल्यावर गुदगुल्या संपल्या. विजयकुमार गोजरबाईच्या पोटचा, पण काकीसाठी शेवग्याच्या शेंगा आणून राहिला. सून कोमल काकीचे पाय चेपायला बसली. काकीला बिनसाखरेचा चहा वेगळा, पहिला. आजाराचे एवढे लाड गोजरबाईनं कधी पाहिले नव्हते. तिच्या पायाच्या अंगठ्याला सोयाबीन काढताना खुट लागलेला, जखम अजून ओली होती. लेकानं विचारलं नाही, सुनेनं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मागून घ्यायची तिला सवय नव्हती.

पुढच्या तपासणीला मात्र ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. लुगड्याच्या आत पोटाला चादर गुंडाळलेली.

"घे माप."

नर्सबाईनं टेप दोनदा लावली. "आजी, उद्याच सेनगावला जा. दोघी."

विजयकुमारनं जीप सांगितली. आईला पुढं बसवलं, काकीला मागं. गोजरबाईनं रस्ताभर एकदाही मागं पाहिलं नाही.

दवाखान्यात दोघींचं रक्त काढलं. डॉक्टरनं कागद पाहून आधी गोजरबाईचा अंगठा पाहिला.

"साखर चारशेच्या वर आहे, आजी. आणखी थोडं थांबला असता तर पाय कापावा लागला असता."

गोजरबाईनं पद्माबाईकडं बोट केलं. "अन् हिची?"

"त्यांची बरोबर आहे. पडद्याआड जा दोघी, नीट माप घेऊ."

पडद्याआड गोजरबाईनं मान खाली घालून चादर सोडली. शेजारी पद्माबाई पाठमोरी उभी राहून पोटावरून काहीतरी उकलत होती. वेढ्यामागं वेढा, खाली फरशीवर पडत गेलं गोजरबाईचं हिरवं लुगडं.