उन्हाचा ठसा

वस्तुसंग्रहालयाच्या सभागृहात अध्यक्षांचं भाषण काही संपत नव्हतं आणि बाहेर अंगणातलं ऊन इमारतीआड चाललं होतं. रविवारच्या कार्यशाळेत शलाकाने मुलांना सांगितलं होतं, की रसायन लावलेला कागद पानासकट उन्हात ठेवला, की पानाचा पांढरा ठसा उमटतो आणि भोवतालचा कागद निळा होतो. काळ्या कापडात गुंडाळलेले कागद मांडीवर घेऊन मुलं कधीची ताटकळत बसली होती.

दोनदा तिने जवळ जाऊन विनवलं, "सर, ऊन जाईल हो."

"दोनच मिनिटं," म्हणत अध्यक्ष पुन्हा माइककडे वळले. "तर मुलांनी स्वतःच्या हातांनी शिकलं पाहिजे!"

शलाकाच्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्यासाठी महिनाभर राबले का मी? ती उठली आणि भर भाषणात म्हणाली, "चला रे, बाहेर!"

मुलं धावत सुटली. फाटकापाशी उन्हाचा पट्टा उरला होता, तिथेच त्यांनी कागद पसरले. मागोमाग अध्यक्ष तावातावाने आले.

"अहो बाई, माझं भाषण संपलं नव्हतं!"

शलाका उत्तर देणार, तोच कागदापाशी उकिडवी बसलेली लहानगी ओवी वर न बघता म्हणाली, "काका, सरका ना. तुमची सावली पडतेय."