सोफ्यावर अडकलेला प्रचारक

"आत ये, बाहेर थंडी आहे," सुलभाकाकूंनी दार सताड उघडलं. "पण आधी मला सांग, तुमच्या सिनेटरने आयुष्यात कधी एखादं खातं तरी चालवलंय का?"

दारातला तरुण हसला. जॅकेटवर सिनेटरच्या नावाचा बिल्ला, हातात पत्रकांचा जाडजूड गठ्ठा. "काकू, उत्तर जरा मोठं आहे. बूट काढू?"

"काढ, काढ."

त्याचं नाव ऋषी. आईवडील नागपूरचे, हा वाढला इथेच मिशिगनमध्ये. अध्यक्षपदाची निवडणूक मंगळवारी होती, पण आधीच जाऊन मत देऊन टाकायची सोय आज रविवार संध्याकाळपर्यंत होती. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक ट्रॉय गावभर दारं वाजवत फिरत होते.

सुलभाकाकूही निघण्याच्याच बेतात होत्या. त्या सिनेटरविरुद्ध उभ्या असलेल्या गव्हर्नरबाईंच्या बाजूच्या. मोटारींच्या कंपनीत ब्रेक तपासण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती, आणि उमेदवारही त्या तशाच तपासायच्या. दर निवडणुकीत गल्लीतल्या देशी घरांत जाऊन बसायच्या, दोघांचं बरंवाईट सांगायच्या, मग आपलं मत सांगायच्या. लोक ऐकायचे. निम्म्या घरांतल्या मुलांना त्यांनीच मराठी लिहायला शिकवलं होतं. यंदा तर मिशिगनमध्ये लढत इतकी अटीतटीची होती की एकेका गल्लीला भाव आला होता.

ऋषीला बघताच काकूंनी मनात बेत बदलला. हा पोरगा इथे बसला की बाकीची दारं वाचली. आपल्या लोकांना काय घाई आहे? ते मंगळवारीच मत देणार. दिवे लागल्यावर एक फेरी मारली की काम झालं.

त्यांनी थालीपिठाचं पीठ भिजवायला घेतलं.

"बोल आता," त्या ओट्याजवळूनच म्हणाल्या. "काय चालवलंय त्यांनी?"

"चालवलं नसेल, पण अठरा वर्षं सिनेटमध्ये आहेत, काकू. परराष्ट्र समितीत. जगातले निम्मे नेते त्यांना पर्सनली ओळखतात."

"ओळखी माझ्याही खूप आहेत. गव्हर्नरबाईंच्या राज्यात पूर आला तेव्हा त्यांनी दोन दिवसांत लोकांना छप्पर दिलं. हुकूम सोडायचा आणि त्याची जबाबदारीही घ्यायची, याची सवय लागते रे."

"एक राज्य आणि अख्खा देश, फरक आहे ना?"

"आहे. म्हणून तर निदान एक राज्य चालवलेलं माणूस हवं."

ऋषीने मान डोलावली. हरल्यासारखी नाही, पुढचा मुद्दा शोधल्यासारखी. काकूंना मजा यायला लागली. त्यांनी तव्यावरचं थालीपीठ त्याच्या ताटलीत टाकलं, वर लोण्याचा गोळा ठेवला.

"आणि प्रचाराचं काय?" त्या समोर येऊन बसल्या. "बाईंचं वाक्य अर्धं कापून तुम्ही जाहिरातीत लावलंत. पुढचं अर्धं ऐकवलं असतं तर अर्थच उलटा झाला असता. ही कुठली रीत?"

"ते चुकलंच," ऋषी पटकन म्हणाला. "मी आमच्या ऑफिसमध्ये भांडलो त्यावरून. पण काकू, तिसरी डिबेट कॅन्सल कोणी केली? लोकांसमोर यायचंच नाही, हे कुठलं कँपेन?"

हा मुद्दा काकूंनाही खुपत होता. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "त्याला कारण होतं," म्हणत त्यांनी ते कारण मुळापासून सांगायला घेतलं. ऋषीने मधेच एक शंका काढली. मग काकूंना कर सांगावे लागले, करांवरून विमा आला, विम्यावरून व्हिसा. चहा दोनदा झाला.

मधे त्याचा फोन वाजला. "हो, अजून इथेच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "नाही यार, काकू सोडतच नाहीयेत."

काकूंनी तोंड फिरवून हसू लपवलं आणि चिवड्याचा डबा काढला. "घे अजून. तरुण माणूस तू, भूक लागत असेल."

खिडकीबाहेर मेपलच्या पानांवरचं ऊन उतरलं तेव्हा त्याला पुन्हा फोन आला. "ओके," एवढंच म्हणून तो उठला. पत्रकांचा गठ्ठा टेबलावरून उचलला. त्यातलं एकही पत्रक कमी झालेलं नव्हतं. काकूंनी ते नीट बघून घेतलं.

"काकू, खरं सांगू? इतका छान वाद माझ्याशी आजवर कोणी घातला नव्हता. डिबेट कॅन्सल करण्याचं तुमचं कारण तर जवळजवळ पटलं."

"जवळजवळ नको, पूर्ण पटव स्वतःला. मंगळवारपर्यंत वेळ आहे," काकूंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. पोरगा गुणी होता. बाजू तेवढी चुकलेली.

त्याची गाडी वळली तशी काकूंनी कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या दीपाला फोन लावला. पहिलं घर नेहमी तिचंच असायचं.

"काकू, कुठे होतात तुम्ही?" दीपा म्हणाली. "आम्ही केवढी वाट बघितली!"

"अगं, मोठं काम केलं. सिनेटरचा एक पोरगा आला होता, त्याला दिवसभर घरात डांबून ठेवलं. एका दारात जाऊ दिलं नाही. आता निघालेच, तुझ्याकडूनच सुरुवात करते."



"पण काकू, आमची मतं देऊन झाली. सगळ्या गल्लीचीच झाली. सिनेटरकडची पाचसहा मुलं आली होती, घरोघरी बसून छान बोलली. मग आम्ही सगळे लगेच जाऊनच आलो."

"सगळे?" काकू मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, पण मी येणार होते ना! निदान माझं ऐकून तरी घ्यायचंत."

"तेच तर मी म्हटलं, आधी सुलभाकाकू येऊ देत, मग ठरवू. तर त्यांच्यातली आन्या नावाची मुलगी हसली आणि म्हणाली, काकू आज येणार नाहीत, त्यांच्याकडे आम्ही ऋषीला बसवलंय."