तिघांनी जाऊ नये

केशवरावांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर एक दगड निघून थेट उस्मानिया बिस्किटांच्या बशीत पडला. दगड चांगला लिंबाएवढा होता. दोन बिस्किटांचा चुरा झाला.

मुलीकडच्यांच्या मलकपेठेतल्या त्या दिवाणखान्यात सगळे बशीकडे बघू लागले. सौरभने डोळे मिटून घेतले. सिकंदराबादहून निघताना त्याने काकांना हात जोडून सांगितलं होतं, की दगड निदान गाडीत तरी ठेवा. पण ऐकतील ते केशवराव कसले! तिघांनी मिळून शुभकार्याला जाऊ नये, तीन तिगाडा काम बिगाडा, हा नियम त्यांनी जन्मात मोडला नव्हता. आणि घरात माणसं तीनच. सौरभ, त्याची आई मीना आणि वडील गेल्यापासून या दोघांना सांभाळून असलेले हे थोरले काका. मुलीकडच्यांना भेटायला निघायचं तर चौथं कुणी हवं, म्हणून दगड.

"हा आमचा चौथा," केशवराव शांतपणे म्हणाले. त्यांनी दगड उचलला, फुंकून चुरा उडवला आणि पुन्हा खिशात टाकला.

मृण्मयीला हसू आवरेना. जामबागेतल्या एका शाळेत ती सहावी-सातवीला गणित शिकवत होती. सौरभला ती आधी दोनदा भेटली होती आणि दोघांनी मनातल्या मनात होकार देऊनही टाकला होता. तरी तिला धाकधूक होती. आधीची स्थळं तिच्या एका अटीपायी मोडली होती. लग्नानंतर आई माझ्याजवळ राहील, एवढीच ती अट. या वेळी सत्यवतीबाईंनी लेकीला गळ्याची शपथ घातली होती. अटीचा शब्द काढायचा नाही. सौरभलाही तिने अजून काही सांगितलं नव्हतं, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

"काका, तीन अधिक दगड म्हणजे तीनच की," ती म्हणाली. "शून्य मिळवल्यासारखं आहे ते. संख्या बदलत नाही."

"तुमच्या पुस्तकात नसेल बदलत. रस्त्यात बदलते."

"आणि तीन वाईट कशानं? मूळसंख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कुणीही भागायला आलं तरी पूर्ण भाग जात नाही."

"पण विषम आहे ना? मग झालं तर." केशवरावांना असा वाद घालणारं माणूस फार दिवसांनी भेटलं होतं. ते खुर्चीत सरसावून बसले. "आता तुम्ही दोघी बघा. दोन. सम. ऐकायलाच कसं बरं वाटतं."

"दोन सम आहे आणि मूळही आहे, काका. अशी संख्या एकच असते." हे बोलताना मृण्मयी आईकडे बघत होती. सत्यवतीबाई लगबगीने चहा ओतायला उठल्या.

चहाबरोबर गप्पा रंगल्या. केशवराव बोटांवर मोजू लागले. "ही पोरगी आमच्या घरी आली की आम्ही चार. हौ ना, मीना? मग दगडाला सुट्टी."

सगळे हसले. सौरभने सुटकेचा निःश्वास टाकला. लग्न जमलं, असंच सगळ्यांना वाटलं. केशवरावांची बोटं मात्र अजून थांबली नव्हती. त्यांची सगळी नोकरी सिकंदराबादच्या रेल्वे यार्डात डबे जोडण्यात गेली होती. एका गाडीला डबा जोडला म्हणजे तो दुसरीतून काढलेला असतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"आणि इकडं?" त्यांनी विचारलं. "दोनातून एक वजा गेला, की उरतं कोण?"

"माझं काय हो," सत्यवतीबाई घाईने म्हणाल्या. "शेजार चांगला आहे. समोरच्या तेलुगू अम्मा येऊन-जाऊन असतात. माझं मी बघते."

मृण्मयीने ओठ घट्ट मिटून घेतले. अटीचा शब्द काढायचा नाही, एवढीच शपथ होती. गणिताबद्दल आई काही बोलली नव्हती.

"एक मूळही नसतो आणि संयुक्तही नसतो, काका," ती म्हणाली. "त्याला कुठल्याच गटात घेत नाहीत." तिचा आवाज कापला. तिने तो कापू दिला.

सौरभने एकदा मृण्मयीकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. मीनाला लेकाची नजर कळायला वेळ लागला नाही. तिने कप खाली ठेवला.

"भावजी, आपली मागची खोली रिकामीच असते," ती म्हणाली. "आणि दिवसभर मला तरी बोलायला कोण आहे?"

"तेच म्हणतो मी. मग त्या एकाला इथं कशाला ठेवायचं?" केशवराव सत्यवतीबाईंकडे वळले. "विहीणबाई, सामान बांधायला घ्या. तुम्हीही चला."

विहीणबाई हा शब्द ऐकला आणि सत्यवतीबाईंना भरून आलं. "नक्को हो, असं कुठं असतंय," एवढंच त्यांना म्हणता आलं. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

मृण्मयीला इतका आनंद झाला, की काय बोलावं तेच तिला सुचेना. पण जित्याची खोड ती. तोंडून निघालं ते भलतंच.

"पण काका, मग आपण पाच होतो. पाच विषम आहे."

केशवरावांनी खिशातून दगड काढला, खिडकीतून खाली अंगणात टाकून दिला आणि हात झटकले.

"पाचामुखी परमेश्वर असतो, पोरी. त्याला विषम कोण म्हणतंय?"