दुर्गेची झोप

"अक्कलकोट यायच्या आत दुर्गा झोपली न्हाय, तर मी ह्या गल्लीतनं गाडी होऊन पळतो. तोंडानं फटफट करत. हॉर्नसकट."

शिवशरणनं पैज लावली आणि भवानी पेठेतली अख्खी गल्ली ओट्यांवर सावरून बसली. पैजा लावणं हा त्याचा धंदाच, आणि सहसा तो हरत नसे. त्यात बायको दुर्गा गाडीत बसली की झोपते, हे तर शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. दोन वर्षं तो तिचे आ वासलेले फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकत होता. एकदा तिच्या तोंडावर काजळानं मिशा काढूनही टाकला होता. ती तेव्हाही उठली नव्हती.

"आन् मी हरले तर शेळीवानी ओरडत फिरन," शेजारची मल्लव्वा म्हणाली. "पण आदी ती गाडी नीट कर. लई फटफट करायलीय."

"गाडीचा आन् हिच्या झोपेचा काय संबंध, मावशी? घराणंच झोपाळू हाय. आमच्या लग्नात सासरे मंगलाष्टकं ऐकता ऐकता घोरत होते."

"अहो, पुरे की आता," दुर्गा म्हणाली.

"परवा दुधनीवरनं माजं करडू तुज्याच गाडीत आणलं की न्हाय?" मल्लव्वा हटली नाही. "जन्मल्यापास्नं ते एक घडी गप बसलेलं न्हाय. तुज्या गाडीत मान टाकून निजलं. त्याचं बी घराणं झोपाळू हाय व्हय?"

गल्ली हसली. सगळ्यात जास्त शिवशरण हसला.

अट म्हणजे अट. दुसऱ्या दिवशी त्यानं शिवानंद मिस्त्रीला दारातच बोलावलं. डिझेल गाडी जुनी, बॉनेट उघडायलाच दोघं लागले. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथं जोडतात, तिथले नट गंजून एकजीव झाले होते. शिवानंदनं त्यांच्यावर डिझेल ओतलं, चहा होईपर्यंत थांबला, मग पान्यावर पाय देऊन एकेक सोडवला. आतलं पॅकिंग जळून गेलं होतं. बोट लावलं तर करपलेल्या भाकरीसारखे त्याचे पापुद्रे पडले.

"हितनं धूर फुटत होता, अण्णा. म्हणून आवाज."

शिवशरणनं हात घालून बघितलं. सांध्यापासून काजळीचा एक पट्टा निघाला होता. तो इंजिनामागच्या पत्र्यावर चढून, वायरी आत जातात त्या भोकापाशी गेला होता. भोकातलं रबर कधीचं पडलेलं. त्यानं दार उघडून पलीकडून वाकून पाहिलं. भोक निघत होतं ते बरोबर दुर्गा पाय ठेवते तिथं.

त्याचं बोट काळं झालं होतं. काळं बोट दिसलं की समोरच्याला मिशी काढायची, ही त्याची जुनी खोड. शिवानंदनं सवयीनं तोंड मागं घेतलं. पण बोट तसंच हवेत राहिलं.

"काचा लावून एसी करत होता का?" शिवानंदनं विचारलं.

"तिला धूळ सोसत न्हाय. माजी काच तेवढी थुंकायला खाली असायची."

"हा धूर माणसाला झोपवतो, अण्णा. कधीकधी उठवत न्हाय."

शिवशरण पायरीवर बसला. आत दुर्गा कुणाला तरी फोनवर सांगत होती, "माझंच मेलं डोकं दुखतं गाडीत, वय झालं." त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि ग्रुपवरचे तिचे फोटो एकेक करून पुसायला लागला.

शिवानंदनं सांधा घासून लख्ख केला, नवं पॅकिंग बसवलं, समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळत आणले. भोकाला नवं रबर घातलं. गाडी चालू करून मागं नळीच्या तोंडावर ओलं पोतं दाबलं आणि सांध्यावर साबणाचं पाणी मारलं. एक फुगा आला नाही.

तेवढ्यावर शिवशरणचं समाधान झालं नाही. त्यानं स्वतः तीनदा साबण मारला.

रविवारी पैजेची फेरी निघाली. पुढं दुर्गा, मागं साक्षीदार म्हणून मल्लव्वा, तिच्या मांडीत करडू. कुंभारी गेलं. करडू ओरडत होतं. वळसंग आलं. इथंवर येता येता दुर्गेची मान कलायचीच. शिवशरणनं गाडी हळू केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपण हरावं म्हणून सिद्धेश्वराला साकडं घातलं होतं.

"काय बघताय? समोर बघा," दुर्गा म्हणाली. "तर मी काय सांगत होते, ती धाकटी जाऊ..."

जावेची ती गोष्ट दर फेरीला वळसंगलाच तुटायची. पुढचं त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं. गोष्ट रटाळ होती. अक्कलकोटची कमान आली तरी संपली नव्हती, आणि करडूही ओरडायचं थांबलं नव्हतं.

"हरलास रं," मागून मल्लव्वा म्हणाली.

"हरलो, मावशी," तो म्हणाला, आणि गाडी बाजूला घेऊन उतरला. चाकात हवा बघायची म्हणाला. जरा वेळ लागला त्याला.

संध्याकाळी गल्ली दुतर्फा भरली. नळापासून शिवशरण निघाला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, तोंडानं फटफट, मधे हॉर्न. पोरं मागं धावली. मल्लव्वाच्या ओट्यासमोर त्यानं करकचून ब्रेक मारला आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं.

"पाया पडायचं ठरलं नव्हतं की," कुणीतरी म्हणालं.

"हेडलाइट तपासतोय," तो म्हणाला. उठायला मात्र त्यानं वेळ लावला.

मल्लव्वानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ बाबा. गाडी तापंल."

तो परत निघाला तशी दारात उभी असलेली दुर्गा खाली उतरली. मागून तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं आणि गाडीत बसल्यासारखी त्याच्या मागं चालू लागली, डोळे टक्क उघडे.

त्याच्या तोंडातली फटफट एकदम मऊ झाली.