पेटी ऑफिसर

"सर, हे मी पुसून राह्यलो," नानाजी म्हणाला आणि त्याने फळ्यावरून ओलं फडकं फिरवलंसुद्धा.

मुख्याध्यापक मोहरील सर हातात खडू धरून तसेच उभे राहिले. 'नौदलातील क्षुद्र अधिकारी श्री. खुशाल नानाजी दुर्गे यांचे स्वागत' एवढं वळणदार अक्षरात काढायला त्यांना अर्धा तास लागला होता. गोंडपिपरीच्या त्या शाळेत नानाजी शिपाई होता. खुशाल त्याचा मुलगा, याच शाळेत शिकलेला. नऊ वर्षांपूर्वी तो खलाशी म्हणून नौदलात गेला आणि परवा विशाखापट्टणमहून पेटी ऑफिसर होऊन सुट्टीवर आला. चार वाजता त्याचा सत्कार होता. साडेतीन झाले होते.

"नानाजी, हे तिसऱ्यांदा!" सर वैतागले. "नुसतं पेटी ऑफिसर लिहिलं, तर मास्तर हसले. जहाजावर पेट्या सांभाळतो का, म्हणाले. तुम्हीच पुसलंत. म्हणून मी इंग्रजी शब्दकोश काढला. त्यात पेटी म्हणजे हलका, क्षुद्र. हलका लिहिलं, तेही पुसलंत. शब्द माझा नाही हो, पुस्तकातला आहे."

"शब्द कोनाचाई असो. फळ्यावर नाई राहनार."

छप्पन साली बापासोबत चांद्याला जाऊन नानाजीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याआधी गावाने त्याच्या घराला काय म्हटलं, ते तो विसरला नव्हता. 'क्षुद्र' आणि तो जुना 'शूद्र' त्याच्या कानाला एकच वाटत होते.

तेवढ्यात सायकल भिंतीला लावून खुशाल व्हरांड्यात आला. पांढरा गणवेश, कडक इस्त्री. त्याला पाहताच नानाजीचा सगळा राग त्याच्यावर वळला.

"नऊ वर्षं पान्यात काढली, अन् त्याईनं तुले हलका करून धाडला? अन् मी येड्यावानी गावभर पेढे वाटले! वापस देऊन टाक तो हुद्दा!"

खुशालने टोपी काढून कपाळ पुसलं. पेटी म्हणजे काय, हे बसमधल्या माणसांनी विचारलं होतं, आईने विचारलं होतं, पानठेल्यावर विचारलं होतं. आता बापसुद्धा.

"बाबा, आयका तरी. शब्द मुळात फ्रेंच हाये, अन् त्याचा अर्थ लहान, हे खरं हाये. जुन्या काळात तिकडं मोठे अधिकारी राजाचा कागद घेऊन जहाजावर चढत. लय जण बड्या घरचे. कोनाचा काका दरबारात, कोनाचा मामा. लहान अधिकाऱ्यापाशी असा कागद नसे. कप्तान त्याले खलाशांतूनच निवडे, काम पाहून. काम नाई जमलं, तर वापस खलाशी."

"म्हंजे कोनाच्या वळखीनं नाई?"

"नाई, बाबा. आजबी परीक्षा द्या लागते. मी दोनदा नापास झालो."

नानाजीने फडकं पिळलं. मग पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं. पोराच्या खांद्याकडे तो बघत राहिला, पण हात लावला नाही. हात ओले होते.

मोहरील सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. शब्दकोश मिटून त्यांनी खडू बाकावर ठेवला होता.

"नानाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. माझ्यापेक्षा शिकलेले दोघं जण मुलाखतीला आले होते. पण संस्थेचे अध्यक्ष माझे मामा होते. त्यांच्या चिठ्ठीवर मी इथं लागलो."

नानाजीने बाकावरचा खडू उचलला आणि सरांच्या हातात दिला.

"ठाऊक हाये, सर. साऱ्या शाळेले ठाऊक हाये. पेटी ऑफिसरच लिवा आता, लोक येऊन राह्यले."