फडक्याखालचे हात

"खाली बघू नकोस!" टायपिंगच्या बाई पुन्हा खेकसल्या.

"मी बघत नाहीये, बाई!"

बघणार कशी? कीबोर्डवर, माझ्या हातांवर त्यांनीच जाड फडकं टाकलं होतं.

"मग कालपर्यंत अक्षर सापडत नव्हतं, आज एवढा वेग कुठून आला? चोरून बघणाऱ्यांना मी उद्या परीक्षेला बसवत नसते."

माझं डोकंच फिरलं. मिळत आलेली नोकरी त्या परीक्षेवर अडली होती. मी दोन्ही हात बाहेर काढून त्यांच्या नाकासमोर नाचवले.

"घ्या! बांधून ठेवा हवे तर!"

बाई माझ्या हातांकडे बघतच नव्हत्या.

फडक्याखाली टकटक चालूच होती. स्क्रीनवर ओळ सरकत होती:

मी बघत नाहीये बाई मी बघत नाहीये बाई मी बघत